विलासचं लँडिंग

उन्हाळ्यात चंद्रपूरच्या धावपट्टीवर दुपारचं उडणं बंद असतं. आम्ही शिकवणारे हँगरमध्ये कूलरपुढे बसतो आणि एकेक किस्सा निघत जातो. त्यातले अर्धे विलासचे. तो सिरोंचाकडचा, पार जंगलातल्या गावचा. आधी एअरलाइनमध्ये को-पायलट होता, आता माझ्यासारखाच छोट्या विमानावर पोरांना शिकवतो.

एअरलाइनची नोकरी लागली तेव्हा त्याने घरी कौतुकाने सांगितलं, "बाबा, आमच्या विमानात दांडा कितीबी ओढा, कॉम्प्युटर नाक हद्दीबाहेर उचलू देत नाई. आपण फक्त मागायचं. द्यायचं किती, ते तो ठरवते."

बाबा म्हणाले, "म्हणजे तिथीबी साहेब हायेच."

सिम्युलेटरवर परीक्षकाने एकदा वेग मोजणारे सेन्सर बंद पाडले. अशा वेळी कॉम्प्युटर नाक अडवून धरायचं सोडून देतो. विलासने सवयीने दांडा पूर्ण ओढला, नाक फार वर गेलं आणि विमान कोसळायला लागलं. परीक्षक म्हणाला, "कॉम्प्युटर गेला की जंगल बाहेर येतं."

तीच चूक त्या दिवशी आणखी दोघांनी केली. ते मोठ्या शहरातले होते. त्यांना गावावरून कोणी बोललं नाही.

मग ते लँडिंग. त्या विमानात दोघांना दोन दांडे, एकमेकांना न जोडलेले. विलास उतरवत होता. अगदी शेवटी कॅप्टनने न सांगता आपलाही दांडा ओढला. विलासच्या हाताला काहीच कळलं नाही. कॉम्प्युटरने दोघांच्या ओढण्याची बेरीज केली, नाक हवेत चाललं असतं पण जमिनीलगत नको तितकं उचललं आणि शेपटी धावपट्टीला घासली.

चौकशीत दोघांचेही हात रेकॉर्डवर दिसले. कॅप्टनला समज मिळाली. विलासला काढलं.

"मलेच काऊन?" त्याने विचारलं.

"लँडिंग तुझं होतं," कंपनीचे साहेब म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात तोच कॅप्टन ताडोब्याला वाघ पाहायला आला. आमच्या मालकांनी मोठा पायलट म्हणून त्याला आग्रहाने आमच्या छोट्या विमानात बसवलं, विलासशेजारी. मी मागच्या सीटवर होते. दोघं हवापाण्याचंच बोलले. या विमानात दोन्ही स्टिअरिंग तारांनी जोडलेली असतात. एक हललं की दुसरं हलतं.

विलास विमान उतरवायला लागला. धावपट्टी जवळ आली आणि कॅप्टनने न बोलता आपलं स्टिअरिंग मागे ओढलं. विलासने जोर लावून आपलं धरून ठेवलं, चाकं अलगद टेकवली, विमान थांबवलं, इंजिन बंद केलं.

मग त्याच्याकडे न बघता म्हणाला, "सर, इथी तुमचा हात मले समजते."