पाणी काय म्हणतंय

पाण्याचा ग्लास हाती आला की आमचे मास्तर तो आधी उन्हाकडे धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "बघू, पाणी काय म्हणतंय!" घरची बाई दारात अवघडून उभी. मग एका दमात ग्लास रिकामा करून ते म्हणत, "गोड आहे हो वहिनी!" तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडे.

साताऱ्यात आम्ही एकाच शाळेत होतो. ते सायन्स शिकवत, मी चित्रकला. लढाईचे दिवस होते, शाळेत खडूसुद्धा जपून वापरावा लागे. मास्तर अंगानं काडी, आवाज मात्र दवंडीवाल्याचा. शाळा सुटली की पिशवीत बाटल्या खुळखुळवत ते गावातल्या तळ्यावर निघत आणि मलाही ओढून नेत. "चला, रंगाचा डोळा तुमचा!"

पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ना, त्या लाल औषधाचे दोन थेंब ते तळ्याच्या पाण्यात घालत. पाणी गुलाबी होई. रंग टिकला तर पाणी चांगलं, विटला तर पाण्यात घाण. विटला की नाही, हे सांगायचं काम माझं.

हा काही खेळ नव्हता. आळीची मोरी तळ्यात उतरत होती, पाण्याला वास मारू लागला होता. गावातली वजनदार मंडळी म्हणत होती, तळं बुजवून टाकू, वर बाजार भरवू. मास्तरांनी एकदा पाणी तपासून सांगावं, की झालं. मास्तर त्याच तळ्यात पोहायला शिकलेले.

"खोटं बोलवत नाही," ते मला म्हणाले, "आणि खरं बोललो तर तळं जातं." एवढं बोलून शीळ घालू लागले, पण ती शीळ बेसूर होती.

तपासणीच्या सकाळी काठावर गर्दी जमली. मास्तरांनी पायरीवर वाकून बाटली बुडवली, वर काढली, तर पाणी आधीच गुलाबी! औषध अजून खिशातच. मास्तर बाटलीकडे बघतायत, मी मास्तरांकडे. तेवढ्यात तळ्याकाठी राहणारे रंगारी चाचा छाती पुढं काढून आले.

"आवं मास्तर, रंग टिकाया पायजे म्हनत हुतासा न्हवं? लय औषिद वतलंय म्या. आता बगू कोन बुजवतंय!"

मास्तर पायरीवर बसले आणि पोट धरधरून हसले. वजनदार मंडळींनाही हसू आवरेना. हसणारा माणूस जरा मऊ होतो, हे मास्तरांनी बरोबर हेरलं. उठून खणखणीत आवाजात म्हणाले, "पाणी वाईट आहे, आणि ह्या चाचांच्या औषधानं ते सुधारत नाही. पण तळं आजारी आहे, मेलेलं नाही. मोरी वळवा, एक पावसाळा जाऊ द्या, मग बघू पाणी काय म्हणतंय. तोवर आजाऱ्याला पुरायची घाई नको!"

पावसाळ्यापुरती मुदत मिळाली. आळीनं चर खणून मोरी कुरणाकडे वळवली. सगळ्यात पुढं कुदळ चाचांची.

दसऱ्याच्या सुमारास पुन्हा बाटली भरली. या खेपेला मास्तरांनी चाचांना शेजारी बसवून दोन्ही हात मांडीवर ठेवायला लावले. दोन थेंब पडले. चहा झाला, पानं झाली, सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले.

"हाय का रंग?" चाचांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. मास्तरांनी सदऱ्यासकट तळ्यात उडी मारली.

पुढं ते सांगलीच्या शाळेत गेले आणि तिथंच वारले. बातमी मला फार उशिरा कळली. त्यानंतर कामानिमित्त सांगलीला गेलो असताना एका हॉटेलात शिरलो. चहाआधी पाणी आलं. मी सवयीनं ग्लास उन्हाकडे धरला, एक डोळा मिटला. पाहतो तर समोरच्या बाकावरचा फेटेवाला, ओळख ना पाळख, ग्लास तसाच धरून एक डोळा मिटून बसलेला.

आम्ही दोघंही हसलो.

"मास्तरांच्या वळखीचं व्हय?" त्यानं विचारलं.

"होय," मी म्हणालो. "काय म्हणतंय पाणी?"

"ग्वाड हाय," तो म्हणाला.