किडका पेरू आणि दर्यावाले सर

दर्यावाले सर पेरू घ्यायला गेले की किडका निवडून घेत. फळवाला चांगला पुढं करी. सर तो परत ठेवत. "चांगला तर कुणीबी घेतंय. भोकाचा दे बे, आत कोन राहतंय बघू." सरांचे वडील बीडच्या बाजारात फळं विकायचे. न खपलेला माल घरच्यांच्या वाट्याला यायचा. अळी अलगद बाजूला काढून पेरू खायची सवय सरांना तेव्हापासूनची. पुढं ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागले, तरी आवड तीच राहिली.

दर दोन वर्षांनी सुट्टीत ते पार दक्षिणेच्या किनाऱ्यावर जात आणि थर्माकोलच्या खोक्यात समुद्रातलं गवत घेऊन येत. समुद्रातही गवत उगवतं, याचंच आम्हा तेलगावच्या पोरांना नवल. त्या गवताच्या पानात तांदळाच्या कणीएवढे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले किडे बोगदे करून राहतात. पान खायचं आणि त्यातच झोपायचं. "भाडं न्हाई, लाइट बिल न्हाई. लई शहाणं जनावर," सर म्हणत. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर बस थांबली की ते खोक्यासाठी बर्फ मागत. एकदा ढाबेवाल्यानं विचारलं, "मासे हायत का, सर?"

"न्हाई बे, गवत हाय."

त्यानं बर्फाचे पैसे घेतले नाहीत. माणसाला बरं नाही, असं वाटलं असावं त्याला.

मला सांगायचं आहे ते सरांच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या खेपेबद्दल. त्याआधी त्यांना पाठीवर काळा पट्टा असलेला एक किडा दिसला होता. कोणत्याच पुस्तकात तो नव्हता, आणि चिमट्यात धरताना चुरडला. या वेळी सर त्याच्यासाठीच गेले होते. परतले तो शुक्रवार. मी तेव्हा त्यांचा विद्यार्थी, प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली. मला म्हणाले, "गवत खाऱ्या पाण्यात धुऊन ट्रेमध्ये मांड. जुम्याची नमाज पढून आलोच."

मी मांडलं. पण हात घरचे होते. आईजवळ बसून मेथी, अंबाडी निवडलेले. भोकाचं पान दिसलं की बोटं आपोआप ते खुडून टाकत. किडे असतील ते पाण्यात तरंगतील, असा माझा समज. सगळं किडकं मी कॉलेजच्या कुंपणाशी कुणीतरी बांधलेल्या शेळीपुढं टाकलं आणि हिरवीगार पानं ओळीनं लावून ठेवली.

सर संध्याकाळपर्यंत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. "एकबी भोक कावून दिसंना?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"पानं अशीच होती ना बे?"

"हो सर. अशीच."

"किनाऱ्यावर तर भोकं दिसलती मला. म्हंजे माझीच नजर गेली." त्यांनी चष्मा बदलला. समुद्राकडं मात्र पुन्हा गेले नाहीत.

आता मी शाळेत विज्ञान शिकवतो. 'दिसलं तेच लिहा' असं मुलांना सांगताना दर वर्षी माझी जीभ अडखळते. शेवटी गेल्या महिन्यात किडक्या पेरूंची पिशवी घेऊन सरांकडं गेलो. त्यांना आता खरोखरच दिसत नाही. मी सगळं सांगून टाकलं.

"निवडलंस? मेथीवानी?"

"हो सर."

"आन् टाकलं कुठं?"

"शेळीला."

"खाल्लं तिनं?"

"चाटूनपुसून. खारट होतं ना."

सर खोकला येईपर्यंत हसले. मग एकदम थांबले. "म्हंजे भोकं व्हती."

"होती सर. लई होती."

ते ताठ बसले आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले, "सुना क्या? आँखां ठीक थे मेरे!"

चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, दारात आल्या. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मला मिळायलाच हवी होती. सरांनी पिशवीतला एक पेरू चाचपून भोक शोधलं आणि तो माझ्या हातात दिला. "फोड. आत कोन हाय, सांग."

भोक वरवरचंच होतं. आत कुणी नव्हतं. अळी आहे म्हणावं, तेवढंच त्यांना बरं वाटेल, असं क्षणभर मनात आलंच.

"कुणी नाही, सर."

"बरं," सर म्हणाले आणि पुन्हा पिशवीत हात घातला. "आता हा फोड."