पारूबाईचा बॅटरी-दवाखाना

डिंभ्याच्या पारूबाईला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर औषध माहीत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी ती ते सांगायची. तिच्या औषधानं बरं झालेलं माणूस कुणी पाहिलं नव्हतं. पण मेलंही कुणी नाही, याचा तिला केवढा अभिमान!

तिचा लेक गोकुळ अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचा. भर एप्रिलात सुभाषच्या नव्या घरी काम चाललेलं. बॅटरीवरचं ड्रिल नवंकोरं, आणि चार्जर ठेवलेला उन्हातल्या पत्र्यावर. उतरलेली बॅटरी लावली, तर चार्जरचा लाल दिवा नुसता लुकलुकायला लागला.

"नजर लागली," सुभाष म्हणाला. "सकाळधरनं लई मिरवत व्हतास. लिंबू उतरवू."

"लिंबानं बॅटरी भरली असती, तर वायरमन उपाशी मेला असता राव!"

तेवढ्यात पारूबाई भाकरी घेऊन आली. तिनं बॅटरीला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"मुडद्या, ही तापलीया! तापातलं लेकरू जेवतं का? सावलीला निजव तिला."

गोकुळनं बॅटरी आणि चार्जर दोन्ही आतल्या गार फरशीवर ठेवलं. भाकरी खाऊन होईतो बॅटरी निवली. परत लावली, तर हिरवा दिवा! पारूबाईनं पदर खोचला. उभ्या जन्मात तिचा पहिला रोगी बरा झाला होता.

मग काय, तिला आवरायचं कुणी? कुठल्या सुताराच्या हातात ड्रिल दिसलं, की ही विचारणार, "दिवा कंचा? लाल? सावलीला निजव."

पावसाळ्याच्या तोंडावर गोकुळचा चार्जर पुन्हा लाल लुकलुकू लागला. बॅटरी तर गारच होती. "मुरलेला ताप हाय," म्हणत पारूबाईनं ती फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिकडं गिऱ्हाईक फोनवरून गोकुळचा उद्धार करत होतं.

"आये, मी जुन्नरला ड्रिलच्या दुकानात दावून येतो."

"मीबी येते. बघू तरी, कोण एवढा शाना डाक्टर हाय."

डॉक्टर निघाली वृषाली, बाजारपेठेतली दुकानदारीण. तिनं बॅटरी उलटी करून पाहिली, तर पितळी पट्ट्यांवर पुट्टीचा थर. कोरड्या ब्रशनं तिनं तो खरवडला, आपल्या चार्जरला बॅटरी लावली. हिरवा!

"काकू, बॅटरी ठणठणीत हाय. तोंडात माती बसलेली, मग करंट जाणार कुठनं?"

गोकुळला आज आईवर वरचढ व्हायचा मोका मिळाला होता. "काय आये, मुरलेला ताप ना?"

"मंग? मी ताप उतरवला म्हणून तर तिनं तोंड उघडलं!"

वृषाली हसून हसून खुर्चीत बसली.

परतीच्या एस.टी.त पारूबाई बॅटरी मांडीवर घेऊन शेजारच्या अनोळखी पाव्हण्याला समजावत होती, "तोंड धुतल्याबिगर ही अन्नाला शिवत न्हाई. लई सोवळी." गोकुळ खिडकीबाहेर बघत बसला होता, या बाईशी आपला काडीचाही संबंध नसल्यासारखा.