पियानोबाई आणि माझं अर्धं गाणं

नौपाड्यातल्या पियानोबाई रागावल्या की त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. माझा वर जातो. शहाडच्या चाळीतून निघून कोलशेतला जुन्या फर्निचरचं गोडाऊन उभं केलं, ते याच आवाजावर. त्यांचा पियानो विकत घ्यायला गेलो तेव्हाही घासाघीस करताना आवाज चढलाच. बाई हळूच म्हणाल्या, "पियानो विकायचा नाही. पण एवढा चांगला आवाज भांडणात का घालवता? सोमवारी गाणं शिकायला या."

गेलो. वर्षभर एकच गाणं. एक गळा, एक पियानो; मूळ जर्मन, शब्द बाईंनी मराठीत केलेले. बर्फाने दार बंद झालंय आणि आतला माणूस हाका मारतोय. मी भजनी मंडळात वाढलेला. ओळ रंगली की परत घ्यायची, पेटीवाला मागोमाग येतोच. बाईंनी बजावलं, "ही पेटी नाही. पियानोचंही स्वतःचं गाणं आहे. कागदावर आहे तेवढंच गायचं."

श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा कागदावर. त्यात कोंडल्यासारखं व्हायचं मला.

"बाई, एक ओळ तरी माझ्या मनाने घेऊ द्या."

"नाही."

"अर्धी?"

"हा भाव गोडाऊनमध्ये करा."

मग त्यांच्या दिवाणखान्यात शिष्यांचा कार्यक्रम झाला. मी अख्खी चाळ बोलावली होती. ज्यांनी मला हातगाडी ओढताना पाहिलं, त्यांच्यासमोर मला हे गाणं गायचं होतं. तिसऱ्या ओळीला भजनी मंडळातले आमचे अण्णा "वाहवा!" म्हणाले आणि सवयीने मी ओळ परत घेतली. पियानो पुढे निघून गेला. मला मागे जाता येईना, पुढे शिरता येईना. बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. शेवटपर्यंत एकटा पियानो वाजला आणि मी उभा.

"दोन मात्रा थांबल्या असतात तर?" सगळे गेल्यावर मी ओरडलो.

"गाणं मोडलं असतं."

"आणि माझं नाक कापलं गेलं त्याचं काय?"

"पुढच्या वर्षी पुरं गाल."

पुढचं वर्ष आलंच नाही. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात आणि पाय गेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाई घरात अडकल्या. शेवटी मुलगा त्यांना बंगळुरूला घेऊन गेला. निघताना त्यांनी गाण्याचा कागद माझ्या हातात दिला. "दुसऱ्या कुणाबरोबर गा. पण पुरं गा."

डोंबिवलीतला एक पियानोवाला शोधला. हॉलही पाहून ठेवला. पोरगा हुशार, बोटं चपळ. पहिल्याच तालमीला मला म्हणाला, "काका, तुम्ही बिनधास्त गा. कुठे अडकलात तर मी थांबतो, सांभाळून घेतो."

मी कागदाची घडी घातली आणि उठलो.

"काय झालं काका? काही चुकलं का माझं?"

"नाही रे," मी म्हणालो. "पण या गाण्यात पियानो थांबत नाही." आवाज चढला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.