दर दोन मिनिटांनी एक क्लिक

क्लिकच्या फसवणुकीचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. एक ओढली की दहा बाहेर येतात!

माझ्याकडचे किस्से मिरजेतले, नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाचे. माझा कम्प्युटर क्लास होता. तीन मशीन, एक फोन लाइन आणि शेजारी दस्तगीरचाचांचं सतार-तानपुऱ्याचं दुकान. चाचांच्या वाद्यांची माहिती देणारी एक वेबसाइट मी तयार केली. बघता बघता चाचांना परदेशातून ऑर्डरी यायला लागल्या. साइटचा खर्च निघावा म्हणून अमेरिकेतल्या एका कंपनीची जाहिरातीची पट्टी मी पानावर लावली. वाचणाऱ्याने पट्टीवर क्लिक केलं, की कंपनी आमच्या खात्यात थोडे पैसे टाकायची. अट एकच. आपण किंवा आपल्या माणसांनी क्लिक करायचं नाही. केलं तर खातं बंद. आणि खातं बंद म्हणजे साइट बंद, चाचांच्या ऑर्डरी बंद.

अट मी वाचली होती. आपल्या माणसांनी वाचली नव्हती!

*

पहिला हल्ला झाला तो प्रेमापोटी.

माझे सासरे कडेगावचे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. एकदा क्लासवर आले. ही पट्टी काय, ते मी त्यांना कौतुकाने दाखवलं आणि कामाला बाहेर गेलो. दोन तासांनी परत येतो तर आबा ताठ बसलेले, बोट माऊसवर, नजर पट्टीवर.

“पाव्हणं, लय सोपं काम हाय हे! दोनशे राऊंड मारलं. एक बी वाया न्हाई!”

मी माऊस काढून घेतला. “आबा, असं करायचं नसतं!”

“आवं, टारगेट तर तुमीच दावलं हुतं!”

दोन दिवसांत कंपनीची मेल आली. क्लिक संशयास्पद आहेत, खुलासा करा. बायको म्हणाली, “सांगा की, व्हायरस होता म्हणून.” मी ठरवलं, थाप मारायची नाही. जे घडलं ते सगळं लिहिलं. सासरे, फौज, दोनशे राऊंड, सगळं. हे क्लिक वजा करा म्हणून विनंतीही केली.

त्यांनी वजा केले. उत्तरात शेवटी एक ओळ होती. “सुभेदारसाहेबांना आमचा सलाम. मात्र त्यांना रिटायरच राहू द्यावे!”

*

मग मी भिंतीवर बोर्ड लावला, “जाहिरातीला हात लावू नये.”

तिसऱ्याच दिवशी टायपिंग शिकायला येणारे केरबा मेकॅनिक पट्टीवर क्लिक करताना सापडले.

“केरबा, बोर्ड वाचला नाही का?”

“वाचला की, सर! हात कुठं लावला? माऊसनं दाबलं!”

बोर्ड बदलला.

*

साताऱ्याला माझा मेहुणा प्रताप. पाचगणीच्या हॉटेलांची माहिती देणारी त्याचीही साइट होती, त्याच कंपनीची पट्टी होती. दिवाळीत गेलो तर त्याने योजना तयारच ठेवलेली.

“दाजी, आपण पैरा करू. तुमी आमची पट्टी दाबा, आमी तुमची. आपली आपण दाबायचीच न्हाई. मग नियम कुठं मोडला?”

पैरा म्हणजे आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे. म्हटलं, “प्रताप, पैऱ्यात रान खरंच नांगरलं जातं रं. हितं काय नांगरणार?”

“तुमी सरकारी हापिसातच शोभला असता, दाजी!”

फराळ थोडा कडूच लागला. पण मी हललो नाही. त्याने मग साताऱ्यातल्याच दोघा मित्रांशी पैरा जमवला. उन्हाळ्यात त्याचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

“दाजी, ते आबांचं पत्र तुमी कसं लिवलं हुतं?”

*

दुसरा हल्ला प्रेमाचा नव्हता.

पावसाळ्यात एकाएकी क्लिक वाढले. कंपनीची मेल आली. ही शेवटची सूचना, आठवड्यात समाधानकारक खुलासा न आल्यास खातं बंद. मी आधी स्वतःच पट्टी काढून टाकावी की काय असा विचार केला. पण पट्टी काढली तर चोर सापडणार कसा? कंपनीला कळवलं, “हे वाढलेले क्लिक मोजू नका, मी शोध घेतोय.” आणि भेटींची यादी घेऊन बसलो. साइट कुणी, किती वाजता उघडली, ते त्या यादीत कळतं.

एकच मशीन, सांगलीच्या लाइनवरचं. दर दोन मिनिटांनी आमचं पान उघडत होतं. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. एक ते दीड बंद. सोमवारीही बंद.

चाचांना दाखवलं. ते म्हणाले, “एकाला जेवतो, सोमवारी सुट्टी घेतो. ये चोर नहीं, नौकर है!”

सांगलीत तेव्हा सायबर कॅफे मोजून चार. दुसऱ्या दिवशी बस पकडून बाराच्या सुमारास पोचलो. दोन पालथे घातले. तिसऱ्यात, कोपऱ्यातल्या मशीनवर, माझंच पान!

समोर बी.कॉम. झालेली एक मुलगी, शुभांगी. शेजारी वही. पान उघडायची, पट्टी दाबायची, वेळ लिहायची.

“हे काय काम आहे?”

“जाहिरात टेस्टिंग,” ती म्हणाली. “आमच्या मालकांचं वाद्यांचं दुकान आहे. पहिलीच नोकरी आहे माझी.”

“ही साइट माझी आहे,” मी म्हटलं. “या क्लिकमुळे ती बंद पडणार आहे.”

तिचा हात माऊसवरून खाली आला. “म्हणजे दीड महिना मी तुमचं नुकसान करत होते?”

मग तिने वही माझ्यापुढे सरकवली. तारीख, वार, वेळ, मालकाच्या सूचना, सगळं सुवाच्य अक्षरात.

“पुरावा म्हणून न्या. मी सही करून देते,” ती म्हणाली. “फक्त कालचं पान अर्धं राहिलंय. पाच मिनिटं थांबा, पूर्ण करते!”

वहीची पानं स्कॅन करून, इंग्रजीत अर्थ लिहून पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं. खातं सुरक्षित. शुभांगीने ती नोकरी सोडली आणि माझ्या क्लासला लागली. इतक्या नीट नोंदी ठेवणारं माणूस सोडतं कोण!

*

राहिला तो मालक. सांगलीत बाहेरून आणलेले स्वस्त तानपुरे विकायचा. चाचांच्या ऑर्डरी त्याला खुपत होत्या. मी म्हटलं, “चाचा, पोलिसात जाऊ.” चाचा म्हणाले, “आधी दुकानात जाऊ.”

गेलो. आम्हाला पाहून मालकाचा चेहरा उतरला. चाचा चपला काढून गादीवर बसले, समोरचा तानपुरा मांडीवर घेतला, छेडला. डबा वाजवल्यासारखा आवाज आला. चाचांनी खिशातून कानस काढली. तारा सैल केल्या. तारा टेकतात ती घोडी घासली, पुन्हा घासली, तारांखालचे दोरे सरकवले. तासभर. मालक उभाच. एक गिऱ्हाईक आलं, तेही उभंच राहिलं.

मग चाचांनी तारा लावल्या आणि छेडल्या. तो सूर दुकानभर पसरला आणि विरायला तयारच होईना.

“आता गिऱ्हाइकाला ऐकव,” चाचा म्हणाले आणि चपला घालून निघाले.

आम्ही पायरी उतरलो, तेवढ्यात मागून आवाज आला. खूप हळू.

“चाचा... आत अजून सहा आहेत.”

चाचा थांबले. माझ्याकडे पाहिलं. आणि चपला काढल्या.