खालच्या आळीची फ्लोरिदाल्मा

फ्लोरिदाल्मा चोक आणि मी बाजारात शेजारीशेजारी बसतो. मी अवोकाडो विकते, ती पानात बांधून उकडलेले मक्याच्या पिठाचे तामाल आणि मक्याची गरम पेज. इतकी वर्षं झाली, पण ती माझ्याशी कधी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाईक माझ्यासमोर वाकलं की ही पलीकडून म्हणणार, "बघून घ्या हं, तिचे अवोकाडो आतून काळे निघतात." तरीही गावात कोणी तिला नावं ठेवली तर भांडायला मीच पहिली उठते. का, ते सांगते.

आमचं सान्ता रोसालिया डोंगराच्या उतरणीवर वसलंय. वर चर्च, नगरपालिका, बाजार आणि पक्की घरं. खाली घळीच्या तोंडाशी आमची आळी. वरचे लोक आज्या-पणज्यांपासून कचरा घळीत लोटत आले आणि घळ उघडते ती आमच्या दारात. एका पावसाळ्यात तो सगळा कचऱ्याचा ढीग भिजून फुगला आणि एके सकाळी चिखलासकट खाली आला. फ्लोरिदाल्माचा नवरा तेओफिलो अंगणात कोंबड्यांना मका टाकत होता. आम्ही त्याला हातांनी उकरून काढलं. त्याच्या तोंडात माती नव्हती, प्लास्टिक होतं.

वरच्यांनी शवपेटी दिली, फुलं दिली. नगराध्यक्ष डॉन ओब्दुलिओ अंत्ययात्रेत सगळ्यांत पुढे चालले. (आमच्याकडे मानानं बाप्याला डॉन म्हणतात, बाईला डोन्या.) नऊ दिवसांच्या प्रार्थना संपायच्या आत घळीत पुन्हा पोती पडायला लागली. तेव्हापासून फ्लोरिदाल्मानं वरच्या कोणाच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. तामाल विकायची, पण तोंड फिरवून.

मग राजधानीतून इंजिनियरिंगची पोरं आली. गावाच्या कचऱ्याची नीट सोय लावायची, असं त्यांच्या कॉलेजानं ठरवलं होतं. त्यांची पुढारी अनाइते नावाची मुलगी. केस पोरासारखे कापलेले, पायात जाड बूट आणि जीभ धारदार. आल्या आल्या त्यांनी आमच्या आळीमागच्या मोकळ्या जागेत लाल रंग दिलेल्या खुंट्या ठोकल्या. इथं खड्डा खणायचा, त्यात जाड कापड अंथरायचं, वर कचरा आणि मातीचे थर द्यायचे, असा त्यांचा बेत.

फ्लोरिदाल्मा खुंट्या उपटून पदरात भरून अनाइतेसमोर उभी राहिली आणि तिनं त्या सगळ्या त्या पोरीच्या पायांवर ओतल्या.

"ह्या घे. चुलीत घालायलासुद्धा नकोत मला."

"डोन्या, ही जागा आम्ही तपासून निवडलीय. इथली माती चिकण आहे, पाणी खाली झिरपणार नाही."

"कचऱ्याला आमचीच माती बरी गोड लागते गं!"

"हा कचरा नाही, हे व्यवस्थित..."

"ए पोरी, कुत्र्याला अंगरखा घातला तरी भुंकायचं थांबतं का?"

दुसऱ्या दिवशी पोरांनी खुंट्या पुन्हा ठोकल्या. तिनं पुन्हा उपटल्या. तिसऱ्या खेपेला एका विद्यार्थ्यानं तिचा हात धरला, तर तिनं त्याला ढकलून चिखलात बसवला. आळीतल्या बाया टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या.

मग नगराध्यक्षांनी शाळेत सभा बोलावली. वरचे लोक खुर्च्यांवर, आम्ही भिंतीला टेकून. अनाइतेनं चित्रं दाखवली, समजावून सांगितलं. फ्लोरिदाल्मा मधेच उठली.

"माझ्या दारात आधीच एक माणूस मेलाय. आता दार तरी शिल्लक ठेवा."

अनाइते वैतागली होती. दिवसभर उन्हात उभी होती, त्यात हे. ती ताडकन म्हणाली, "डोन्या, दुसऱ्यांच्या कचऱ्याचं बोलता, पण तुम्ही स्वतः काय करता? चूल पेटवायला पिशव्या जाळता. मी पाहिलंय. तुमच्या चुलीपाशी खेळणारी पोरं खोकतात ती घळीमुळे नाही."

वरच्या खुर्च्यांमधून कोणीतरी फिसकन हसलं. फ्लोरिदाल्माचा चेहरा राखेसारखा झाला. ती चालती झाली.

त्या दिवसापासून तिनं चुलीत पिशवी घातली नाही, पाईनच्या चिकट ढलप्या वापरायला लागली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "त्या सटवीनं सांगितलं म्हणून नाही. वास येतो म्हणून."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तुझं थोबाड म्हणत होतं."

पण ते हसणं तिच्या काळजात रुतून बसलं होतं. गावदेवीचा सण आला. सान्ता रोसालियाची मिरवणूक निघाली, मारिंबा वाजत होता, फटाके फुटत होते, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर डॉन ओब्दुलिओ नवी टोपी घालून पाहुण्यांसोबत उभे होते. आळीतल्या बायका डोक्यावर मोठमोठ्या पाट्या घेऊन चौकात आल्या. वरून फुलं पसरलेली. लोकांना वाटलं, देवीला वाहायला आणलीत. फ्लोरिदाल्मानं मूर्ती पुढे जाऊ दिली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि मग पायऱ्यांवर पाटी उपडी केली. घळीतला कचरा होता, आमच्या दारातून उपसलेला. एकामागून एक सगळ्याजणींनी पाट्या ओतल्या. माझीही एक होती. कुजलेलं पाणी पायऱ्यांवरून ओघळून नगराध्यक्षांच्या बुटांत गेलं.

"तुमचंच आहे, डॉन ओब्दुलिओ," फ्लोरिदाल्मा ओरडली. "खाली पडलं होतं, परत आणून दिलं."

पोलिसांनी फक्त तिलाच धरलं. चौकीची खिडकी चौकातच उघडते, त्यामुळे गजांआडूनही तिच्या शिव्या बाजारात ऐकू येत होत्या. तिला मोठ्या तुरुंगात धाडायचं, असं नगराध्यक्षांच्या मनात होतं. त्यासाठी त्यांनी पोरांना चौकात बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सांगा, ह्या बाईनं तुम्हाला जिवे मारायची धमकी दिली. मारहाण केली. सांगून टाका, म्हणजे तुमचं काम बिनघोर सुरू होईल."

अनाइते पुढे आली. मग म्हणाली, "ह्या बाईनं आम्हाला ढकललं, शिव्या दिल्या. मला ती अजिबात आवडत नाही. पण मारायची धमकी दिली नाही. आणि डॉन ओब्दुलिओ, खोटंच बोलायचं तर मी आधीच एक बोललेय, दुसरं नाही बोलणार."

"कसलं खोटं?"

"वरच्या टेकडीमागची जागाही आम्ही तपासली होती. तिथली मातीही तितकीच चांगली निघाली. ती तुमच्या मेव्हण्याची आहे. तिचं नाव काढलं तर गावात पाऊल ठेवू देणार नाही, असं तुम्ही म्हणालात. आम्ही गप्प बसलो."

मला वाटलं, आता फ्लोरिदाल्मा त्या पोरीला आशीर्वाद देईल. गजांमागून तिचा आवाज आला, पूर्वीपेक्षा कडू.

"म्हणजे तुला ठाऊक होतं! माझ्या दारात खुंट्या ठोकताना ठाऊक होतं! ह्या बोक्याला अक्कल नाही, तो चोर आहे. पण तू शिकलेली, आणि तुला ठाऊक होतं!"

अनाइतेनं मान वर केली नाही.

नगराध्यक्षांनी मग पोरांची राहायची खोली काढून घेतली. पोरं शाळेच्या व्हरांड्यात झोपायला लागली. फ्लोरिदाल्माला सोडावं लागलं, कारण आळीतल्या बाया चौकीसमोरून हलेनात. सुटल्यावर तिनं घळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दगड रचले आणि आम्ही पाळीपाळीनं तिथं बसलो. वरच्यांना कचरा टाकायला जागा उरली नाही. त्यांच्याच दारांत पोती साठली, माश्या घोंगावायला लागल्या, आणि मग त्यांनाही मेव्हण्याची टेकडी दिसायला लागली. निवडणूक तोंडावर होती. डॉन ओब्दुलिओंनी हात टेकले.

खड्डा टेकडीमागे खणला. बाजारामागे पत्र्याचं छप्पर घालून ओल्या कचऱ्याचं खत करायची सोय झाली. घळीच्या कडेला तारेचं कुंपण आलं. पोरं खणत होती, गावकरी खणत होते. फ्लोरिदाल्माही कुदळ घेऊन यायची, पण अनाइते ज्या टोकाला असेल त्याच्या विरुद्ध टोकाला उभी राहायची. एकदा पाण्याचा जड पाईप उचलायला त्या दोघीच जवळ होत्या.

"नीट उचल."

"उचललाय."

"दिसतंय किती उचललाय ते."

त्यांच्यातलं एवढंच बोलणं मी ऐकलं.

पोरं परत जायला निघाली तेव्हा अनाइते बाजारात आली. फ्लोरिदाल्माच्या टोपलीसमोर उभी राहून तिनं एक तामाल मागितला.

"तुला नाही."

"ठीक आहे." ती जाईना. मग हळूच म्हणाली, "डोन्या, तुमच्या नवऱ्याचं... दारात गेलेला तो माणूस म्हणजे तेच, हे मला सभेनंतर कळलं. आधी कोणी सांगितलं नव्हतं."

"विचारलं होतंस?"

"नाही."

"मग जा."

ती गेली. फ्लोरिदाल्मानं टोपलीवरचं फडकं ओढून घेतलं आणि बराच वेळ कोणालाच काही विकलं नाही. मी म्हटलं, "एक दिला असतास तर काय बिघडलं असतं? पोरगी वाईट नव्हती."

"वाईट नव्हती म्हणून तर राग येतो," ती म्हणाली. "ओब्दुलिओवर मी आता रागावतसुद्धा नाही."

आता बाजारात ओला-सुका कचरा एकत्र करायची कोणाची छाती नाही. नगरपालिकेचा शिपाई ओरडला तर लोक हसतात, फ्लोरिदाल्मा उठली की पिशव्या उघडून निवडायला बसतात. तिनं एकदा पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीला भर बाजारात अंड्याची टरफलं वेचायला लावली होती.

वरच्या आळीतल्या बायका अधूनमधून तिच्याकडे गाऱ्हाणं घेऊन येतात. खताच्या छपराचा वास त्यांच्या खिडक्यांतून आत येतो म्हणे, जेवण गोड लागत नाही. फ्लोरिदाल्मा पेज ढवळत सगळं ऐकून घेते.

"होईल सवय," ती म्हणते. "आम्हाला झाली होती."