सरन्यायाधीशांचा अर्धा तास

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती बत्तीस वर्षं रोज चढलो, तेव्हा माझ्या शहाणपणाचं काय ते तुम्हीच ओळखा. लघुलेखक होतो. कुठल्या कोर्टात ते सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. निवृत्त होऊन नागावला घरी आलो आणि वाडीतल्या नारळ-सुपारीत लक्ष घालायला लागलो. सहा महिन्यांत बायको म्हणाली, "अहो, झाडांना तुमच्या सूचनांची गरज नाही. काही तरी लिहायला घ्या बघू."

म्हणून हे लचांड गळ्यात आलं. पुण्याच्या एक संपादकबाई देशोदेशीच्या न्यायाधीशांची छोटी चरित्रं मराठीत काढत होत्या. त्यांना कोर्टाची भाषा कळणारा, इंग्रजी वाचणारा आणि रिकामा बसलेला माणूस हवा होता. तिन्ही गुण माझ्या अंगी. माझ्या वाट्याला एक फिलिपिनो गृहस्थ आले. आधी वकील, मग न्यायाधीश, मग देशाचे सरन्यायाधीश आणि उतारवयात परदेशी राजदूत. "तीनशे शब्द," बाई फोनवर म्हणाल्या. "तीनशे एकावा दिसला तर मी कापणार."

फिलिपिन्सबद्दल मला काय माहीत होतं? डोंबल! आमच्या आळीतली दोन मुलं जहाजावर आहेत, त्यांच्याकडून ऐकलेलं तेवढंच. पण बाईंनी पाठवलेला कागदांचा गठ्ठा उघडला आणि पहिल्याच पानावर थबकलो. समुद्रकाठचं गाव, माडांची राई, वडील शाळामास्तर. मुलगा बोटीने राजधानीला जाऊन कायदा शिकला. फोटोत पातळ पांढरा, भरतकामाचा सदरा घातलेला म्हातारा, मान किंचित कललेली, कुणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखी. मला तो चेहरा आवडला. मी त्यांना मनातल्या मनात साहेब म्हणू लागलो. जन्माची सवय, दुसरं काय.

साहेबांची पहिली नेमणूक एका लहानशा बेटावर होती. तिथे साक्षीदार बोलणार एका भाषेत, वकील भांडणार दुसऱ्या भाषेत आणि कागदावर उतरणार तिसरीच. हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. आमच्याकडे तरी वेगळं काय होतं? साक्षीदार आपल्या बोलीत सांगतो. न्यायाधीश ते ऐकतात, नीटनेटकं करतात आणि लघुलेखकाला सांगतात. लघुलेखक टंकतो ते न्यायाधीशांचं वाक्य, साक्षीदाराचं नव्हे. शेवटी खाली एक ओळ येते, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' मग सही नाही तर अंगठा. ती ओळ मी पुष्कळदा साक्ष संपायच्या आतच टंकून ठेवायचो, वेळ वाचावा म्हणून. वाचून? कोण दाखवतो वाचून! बाहेर वीस माणसं ताटकळलेली असायची.

गठ्ठ्यात एक जुनी गौरवपुस्तिका होती. बहुतेक सगळी हारतुऱ्यांची. पण एका पानावर एकच विचित्र ओळ. राजदूत म्हणून परदेशी निघण्याआधी साहेब त्या बेटावर गेले, एका घरी अर्धा तास बसले आणि संध्याकाळच्या बोटीने परतले. बस्स. कुणाचं घर, कशाला गेले, काही नाही. देशाचा सरन्यायाधीश राहिलेला माणूस, सामानसुमान बांधून तयार, आणि ऐन वेळी दिवसभराचा समुद्र ओलांडून कुठल्या तरी घरात अर्धा तास बसून येतो. का?

त्या ओळीने मला पछाडलं. खोटं कशाला सांगू, ती वाचली तेव्हाच मला साहेबांचं नाही, माझंच घर दिसलं होतं. म्हणजे मी जिथे जायला हवं होतं आणि गेलो नव्हतो, ते घर.

रेवसकडच्या खाडीकाठच्या एका गावात खून झाला होता. बांधावर, दिवेलागणीला. सुकी मासळी विकणारी एक बाई तिथून घरी चालली होती, तिने एका माणसाला पळताना पाहिलं. ती पिंजऱ्यात उभी राहून, आरोपीकडे बघत म्हणाली, "पाठमोरा पायला. चाल त्याची वाटली. पन त्वांड न्हाय दिसलं मना." मी ऐकलं. मी तिच्यापासून चार हातांवर बसलो होतो. जज्जसाहेबांनी सांगितलं, "लिहा. मी आरोपीला बांधावरून पळून जाताना पाहिले." माझी बोटं थांबली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता हो तो, जेवणाची वेळ टळून गेली होती आणि साक्षी तीन बाकी होत्या. आरोपीला सरकारने फुकट दिलेला वकील फाइलीत डोकं घालून बसला होता. मी टंकलं. खालची ओळ आधीच तयार होती. बाईने अंगठा दिला, पदर सावरला आणि गेली.

तिची एकटीची साक्ष नव्हती म्हणा. भांडणाची साक्ष होती, कोयता होता. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की बायकोलाही पाठ झालंय. आरोपीला जन्मठेप झाली आणि तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच काविळीने गेला. ती बातमी मला एका शिपायाने चहा पिताना सांगितली आणि मी दुसरा कप मागवला.

तेव्हापासून मला पाठमोरी माणसं सोसत नाहीत. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला जातो. पर्यटकांचा धिंगाणा असतो, घोडागाड्या, बोटी, आरडाओरडा. त्याचं काही वाटत नाही, शिव्या घालून मोकळा होतो. पण पुढे एकटा माणूस चालत असला की मी मागेच रेंगाळतो. तो वळू नये असं वाटतं आणि वळावा असंही वाटतं. वळला तर कुणी तरी भलताच असतो, ठाण्याचा नाही तर पनवेलचा, आणि मी उगाच वाळूतल्या शिंपल्यांकडे बघत उभा राहतो.

लेख लिहून झाला. पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. "ती घराची ओळ काढा. कुणाचं घर ते कळतं का?"

"नाही."

"मग वाचकाने त्याचं करायचं काय?"

"माझं झालं तेच त्याचं होऊ दे," मी म्हणालो आणि माझाच आवाज चढलेला मला ऐकू आला. मग शब्द मोजले, साहेबांचं एक मानाचं पदक काढून टाकलं आणि ओळ ठेवली. बाई म्हणाल्या, "विचित्र आहात तुम्ही." पण राहू दिली.

फोन ठेवला तर बायको दारात. "खाई त्याला खवखवे," ती म्हणाली. "त्या साहेबांच्या आडून किती दिवस बसणार आहात? ती बाई जिवंत आहे. परवाच मी तिच्याकडून जवळा आणला, रेवसच्या जेट्टीच्या वाटेवर बसते."

म्हणजे तिचा ठावठिकाणाही हिला ठाऊक होता. मला इतका राग आला की मी जेवलो नाही. राग तिचा नव्हता हे संध्याकाळपर्यंत कळलं.

साक्षीची नक्कल काढायची गरज पडली नाही. मला ती पाठ होती. एका कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवली, खालच्या ओळीसकट, आणि सकाळची एसटी धरली. सगळ्या वाटेवर मी साहेबांचाच विचार करत होतो. बोटीत त्यांनीही असाच खिसा चाचपला असेल का? त्यांच्या हातून काही झालं होतं की ते नुसतेच एखाद्या जुन्या शेजाऱ्याला भेटायला गेले होते? मी माझं पाप उगाच त्या भल्या माणसाच्या अंगावर टाकत होतो बहुधा. सोबत हवी होती, दुसरं काय.

ती ओळखली लगेच. केस पांढरेशुभ्र, पण आवाज तोच. समोर बोंबील, सुकट, जवळा. मी सांगितलं, मी कोर्टात टंकणारा, तुमची साक्ष मी लिहिली होती. ती गोणपाट झटकून म्हणाली, "बस भाऊ."

"मावशी, तेव्हा तुम्हाला वाचून दाखवायचं होतं. मी दाखवलं नाही. आज दाखवायला आलोय."

मी वाचलं. चारच ओळी. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तिने हातानेच त्याला थांबवलं.

"असं मी न्हाय बोलले," ती म्हणाली. "त्वांड न्हाय दिसलं, असं बोललेले मी."

"हो. मी ऐकलं होतं. तरी लिहिलं नाही. चूक माझी आहे." एवढं बोलल्यावर छातीवरचा धोंडा उतरेल असं वाटलं होतं. उतरला, खरंच उतरला, पण अर्धंच मिनिट.

"मंग गावात आले," ती म्हणाली. "समदी बोलाय लागली, हिनं वलखला, कोरटात लिवलंय. त्याची आय माझ्या दारात येऊन बसली. बोलली, बाय, खरं सांग, तू माझ्या पोराचं त्वांड पायलंस? मी इचार केला, एवढं मोठं कोरट, ते खोटं कशाला लिवल? मीच इसरले आसंन. बोलले, व्हय, पायलं. ती उठून गेली. तवापासून मना त्वांड दिसतं, भाऊ. बांधावरून पलताना मागं वलून बगतो. रोज दिसतो."

मी कागद उलटा केला आणि पेन काढलं. आता तरी बरोबर लिहावं, कुठे देता येईल न येईल, तिचं म्हणणं तिच्या शब्दांत एकदा तरी कागदावर यावं, एवढंच मनात होतं. "सांगा मावशी. तुम्ही त्या दिवशी काय पाहिलं? तुम्ही सांगाल तेच लिहितो. एक अक्षर बदलत नाही."

तिने कागद हातात घेतला, लिहिलेली बाजू पाहिली, कोरी पाहिली आणि मला परत दिला. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

"मना न्हाय सांगता यायचं आता," ती म्हणाली. "तुमीच सांगा. तवा बी तुमीच सांगितलेलं."